आतली लाइन

[पडद्यावर: पाऊस. डिचोलीतलं एक दुचाकीचं गॅरेज. शटर अर्ध्यावर ओढलेलं, खालून टीव्हीचा निळसर उजेड.]

रविवारी हे गॅरेज बंद असतं. म्हणजे कामाला बंद. संध्याकाळी पाचनंतर एकेक जण शटरखालून वाकून आत शिरतो. कोणी उलट्या बादलीवर बसतो, कोणी टायरवर, आणि ज्याची गाडी दुरुस्तीला आलेली असते तो तिच्याच सीटवर. युरोपात दुपारी दोनला मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकलींच्या सगळ्यात मोठ्या जागतिक स्पर्धेची, शर्यत सुटते तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. चहाची वेळ, शिवाय गोव्यातल्या पावसाळ्यात वीज जाण्याचीही वेळ.

आज वीज आहे. सातव्या लॅपला एक रायडर वळणावर आत घुसतो, दुसऱ्याला धक्का बसतो, तो बाहेर फेकला जातो. पडत नाही, पण चार जागा गमावतो.

गॅरेजची लगेच दोन गावं होतात. अर्धे म्हणतात, ही शर्यत आहे, देवळातली प्रदक्षिणा नव्हे. अर्धे म्हणतात, याला आत्ताच्या आत्ता शिक्षा द्या.

मिस्त्री टीव्हीचा आवाज बंद करतात. तरुणपणी त्यांनी मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवली आहे. डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही.

[जवळून: काळं पडलेलं बोट फरशीवर ऑइलने एक वळण काढतं. दोन जुने स्पार्क प्लग.]

एक प्लग वळणाच्या बाहेरच्या कडेला. "हा पुढे आहे. हा रुंद येणार, ब्रेक मारणार, मग आत झुकणार." दुसरा प्लग आतल्या कडेने सरकतो. "हा मागून आला. याने ब्रेक उशिरा मारला. आता सांगा, हे वळण कोणाचं?"

मुलं म्हणतात, जो पुढे आहे त्याचं.

"पुढे म्हणजे किती पुढे? अर्धं चाक? आणि बाहेरच्याला आतला दिसतो तरी का?"

दिसत नाही, खरी गोम इथे आहे. मोटोजीपीची गाडी वळणात साठ अंशांहून जास्त कलते. रायडरचं कोपर जमिनीला घासत असतं आणि नजर वळणाच्या पुढच्या टोकावर असते. मागून कोण येतोय हे त्याला आवाजावरून आणि अंदाजावरून कळतं. म्हणून आत घुसणाऱ्यावर जबाबदारी जास्त. तो सगळं पाहत असतो, समोरचा पाहत नसतो. पण उशिरा ब्रेक मारून आत घुसणं हीच तर कला आहे. ती बंद केली तर मागे उरते ती मिरवणूक.

नियमाच्या पुस्तकात याबद्दल फार लांबण नाही. रायडरने जबाबदारीने चालवावं, दुसऱ्याला धोका होईल असं चालवू नये, एवढाच अर्थ. आक्रमक कुठे संपतं आणि बेजबाबदार कुठे सुरू होतं, ती रेघ पुस्तकात सापडत नाही. ती दर रविवारी नव्याने ओढावी लागते, आणि आमची तक्रार अशी की बऱ्याचदा ती कोण पडलं हे बघून ओढली जाते.

[पडद्यावर: नकाशा. अर्जेंटिना, तेर्मास दे रिओ ओन्दो.]

८ एप्रिल २०१८. होंडाचा रायडर मार्क मार्केझची गाडी सुरुवातीच्या रेषेवरच बंद पडली. त्याने ती पुन्हा चालू केली आणि आपल्या जागेवर जायला चक्क उलट्या दिशेने नेली. त्यासाठी राइड-थ्रू, म्हणजे शर्यत चालू असताना पिट लेनमधून ठरलेल्या कमी वेगाने एक फेरी. मग मागून जागा कमावत येताना तो आलेश एस्पार्गारोला धडकला. आलेश बाहेर गेला, पण पडला नाही. शिक्षा: एक जागा परत दे. पुढे तो व्हॅलेंतिनो रॉसीला धडकला. तीच घाई, तसंच आत घुसणं, तसाच धक्का. रॉसी ओल्या गवतावर गेला आणि पडला. शिक्षा: तीस सेकंद. पाचवा आलेला मार्केझ निकालात अठरावा झाला. शर्यतीनंतर तो माफी मागायला गेला, तर रॉसीच्या गॅरेजच्या दारातूनच त्याला परत पाठवलं.

एकच माणूस, एकच दुपार, जवळजवळ एकच चूक. फरक एवढाच की एकाला गाडी सावरता आली आणि दुसऱ्याच्या चाकाखाली ओलं गवत आलं. दुसऱ्या वेळी तो आधीच गुन्हेगार होता, म्हणून शिक्षा वाढली, असं म्हणता येईल. ते पटतंही. पण आमच्या गॅरेजमधल्या एका पोराचा प्रश्न अजून तसाच आहे: आलेशला दिलेली पहिलीच धडक तीस सेकंदांची का नव्हती?

फुटबॉलवर वाढलेल्या गोव्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. गावच्या मैदानावर मागून कोणी पाय घातला, तर रेफ्री पाय मोडला का ते बघायला थांबत नाही. पाय कसा घातला ते बघतो आणि कार्ड काढतो. मग त्याच्या खानदानाचा उद्धार होतो, तो भाग वेगळा.

[जवळून: मिस्त्री एक पिशवी उपडी करतात. वाकलेले, तुटलेले ब्रेक लिव्हर फरशीवर पडतात.]

शर्यतीतल्या गाडीचा पुढचा ब्रेक म्हणजे जीव. मिस्त्री त्यातला एक लिव्हर उचलतात, दोन बोटांनी दाबून दाखवतात. सगळी शर्यत या दोन बोटांवर. दुसऱ्याच्या गाडीचा स्पर्श होऊन हा चुकून दाबला जाऊ नये म्हणून आता लिव्हरपुढे संरक्षक कडं लावणं सक्तीचं आहे.

आणि ९ सप्टेंबर २०१८ ला इटलीत मिझानोच्या सरळ रस्त्यावर मोटो-टूच्या, म्हणजे मोटोजीपीच्या खालच्या वर्गाच्या, शर्यतीत रोमानो फेनातीने हात लांब करून शेजारच्या स्तेफानो मान्झीचा हाच लिव्हर दाबला. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. आधी दोघांची ढकलाढकली झाली होती, मान्झीही काही साधू नव्हता. त्यालाही पुढच्या शर्यतीत सहा जागा मागून सुटायची शिक्षा झाली. पण फेनातीला काळा झेंडा मिळाला, म्हणजे शर्यतीतून बाहेर, दोन शर्यतींची बंदी आली, संघाने करार तोडला.

त्या क्षणी कोणी पडलं नाही. मान्झीची गाडी डगमगली आणि सावरली. तरीही जगभर एकजात सगळे म्हणाले, हे अक्षम्य. म्हणजे कोणी पडलं की नाही हे बाजूला ठेवून कृती तपासता येते. पंचांना येते, आपल्यालाही येते.

२०२१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनजवळच्या ट्रॅकवर मोटो-थ्रीची, त्याहून खालच्या वर्गाची, शर्यत. या छोट्या गाड्या एकमेकींच्या मागे हवेच्या पोकळीत धावतात, पंधरा-पंधरा जणांचा घोळका. देनिझ ओन्जू सरळ रस्त्यावर किंचित बाजूला सरकला आणि त्याच्या मागच्या चाकाला येरेमी अल्कोबाचं पुढचं चाक लागलं. अल्कोबा पडला. त्याची गाडी आंद्रेया मिन्यो आणि पेद्रो अकोस्टाच्या वाटेत आली, आणि ते दोघेही हवेत उडाले. तिघेही चालत परतले, हे बघूनही खरं वाटत नाही. ओन्जूला दोन शर्यतींची बंदी. हातभर सरकला होता फक्त. पण कुठे सरकला आणि शेजारी कोण होतं, हे धरलं तर शिक्षा जड वाटत नाही.

[पडद्यावर: स्पेनमधल्या हेरेसचं शेवटचं वळण.]

आता जुनं दुखणं. हेरेस, एप्रिल २००५. शेवटची लॅप, शेवटचं वळण. घरच्या प्रेक्षकांसमोर सेते जिबर्नाऊ पुढे. रॉसी आत घुसला, खांद्याला खांदा लागला, जिबर्नाऊ खडीत गेला. रॉसी जिंकला. शिक्षा नाही.

मे २०१३. तेच वळण. त्याच आठवड्यात त्याला होर्हे लोरेन्झोचं नाव दिलेलं. शेवटच्या लॅपला त्याच वळणावर नवखा मार्केझ आत घुसला आणि ज्याच्या नावाचं वळण, त्यालाच बाहेर ढकलून दुसरा आला. लोरेन्झो नुसतं बोट हलवत राहिला. शिक्षा नाही.

या दोन्ही दृश्यांवर गॅरेजमध्ये टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत, कबूल करतो. मग मलेशियातल्या २०१५ च्या सेपांगचा विषय निघतो आणि टाळ्या थांबतात, कारण तिथे अर्धं गॅरेज रॉसीचं आहे.

त्या शर्यतीआधी गुरुवारी रॉसीने पत्रकारांसमोर उघड आरोप केला की विजेतेपदाच्या लढतीत मार्केझ लोरेन्झोला मदत करतोय. रविवारी दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा ओलांडलं की समालोचकांचा श्वास पुरेना. सातव्या लॅपला रॉसीने एका वळणावर वेग कमी केला, मागे वळून पाहिलं आणि मार्केझला बाहेर-बाहेर नेत राहिला. स्पर्श झाला, मार्केझ पडला. लाथ मारली का, यावर आजही भांडणं होतात. पंचांनी लाथेचा निकाल दिला नाही. मुद्दाम बाहेर नेलं, एवढं धरलं आणि तीन दंडगुण दिले. मिझानोच्या शर्यतीतला एक आधीचा होता. चार झाले की पुढच्या शर्यतीत सगळ्यात शेवटून सुटायचं, असा तेव्हाचा नियम.

पुढची शर्यत म्हणजे व्हॅलेन्सिया, वर्षातली शेवटची. रॉसी सात गुणांनी पुढे होता. तो शेवटून सुटून चौथा आला, लोरेन्झोने शर्यत जिंकली आणि पाच गुणांनी विश्वविजेतेपद नेलं. ३३० विरुद्ध ३२५.

इथे मिस्त्रींचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे. ते म्हणतात, शिक्षा त्याच दिवशी, त्याच शर्यतीत द्यायला हवी होती. रॉसी तिसरा येऊन पोडियमवर उभा राहिला आणि दंड भरला तो पंधरा दिवसांनी. मला वाटतं, मुद्दाम केलेल्या गोष्टीला तेवढी किंमत रास्त होती. पण वेळेबद्दल ते बरोबर आहेत, हे मला म्हापशात पटलं.

[पडद्यावर: म्हापसा बसस्टँड. पिवळ्या-काळ्या मोटारसायकली, रांगेत.]

हे गोव्याचे पायलट. मोटारसायकल हीच टॅक्सी. स्टँडवर नंबर लागलेला असतो, पहिला आला तो पहिला जाणार. केस पिकलेल्या एका पायलटला विचारलं, कोणी मध्येच घुसून गिऱ्हाईक उचललं तर?

"परत आला की त्याचा नंबर शेवटी. भांडण नाही, मीटिंग नाही. सगळ्यांना ठाऊक आहे."

आणि तो तुमचा जवळचा मित्र असेल तर?

ते हसले. "मग आधी शेवटी."

मोटोजीपीने २०१९ मध्ये आणलेला लाँग लॅप साधारण असाच आहे. एका वळणाच्या बाहेर रंगाने आखलेली लांबची वाट असते. शिक्षा झाली की रायडरच्या डॅशबोर्डवर सूचना येते आणि तीन लॅपच्या आत त्याला त्या वाटेने जावं लागतं. दोन-तीन सेकंद जातात, दोन-चार जागा जातात, हिशेब तिथेच मिटतो. खेळ थांबत नाही, कोणाचं वर्षही बुडत नाही. आमच्या मते गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात शहाणी सुधारणा.

पण शहाण्या नियमालाही नीट लिहिणारा लागतो. मार्च २०२३, पोर्तुगालमधलं पोर्तिमाव. पोल पोझिशनवरून, म्हणजे सगळ्यात पुढून, सुटलेला मार्केझ तिसऱ्या लॅपला ब्रेक मारताना ताबा हरवून आधी होर्हे मार्तिनला घासला आणि मग थेट मिगेल ऑलिव्हेरावर आदळला. ऑलिव्हेरा घरच्या प्रेक्षकांसमोर धावत होता. हे आडनाव गोव्यात परकं वाटत नाही, त्यामुळे आमच्या गॅरेजमध्ये हळहळ जरा जास्तच झाली. मार्केझला दोन लाँग लॅप मिळाले. कागदावर लिहिलं, अर्जेंटिनाच्या शर्यतीत भरावे. पण मार्केझचाच हात मोडला आणि तो अर्जेंटिनाला गेलाच नाही. मग पंचांनी कागद बदलला: तो जेव्हा परत येईल तेव्हा. त्याच्या संघाने, होंडाने, अपील केलं, अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मे महिन्यात फ्रान्समधल्या ले मान्सला तो परतला तेव्हा देणं शून्य. ऑलिव्हेरा मात्र दुखापतीमुळे अर्जेंटिनाला मुकला होता.

तेव्हा पंचमंडळाचे प्रमुख फ्रेडी स्पेन्सर होते, स्वतः विश्वविजेते राहिलेले. २०२५ पासून त्या खुर्चीवर सायमन क्रेफर आहेत, तेही जुने रायडर. दोघांनी ते वळण स्वतः झुकून घेतलेलं आहे. तरी खोलीत बसून, अनेक कॅमेऱ्यांतून, मंद गतीने बघताना सगळंच मुद्दाम केल्यासारखं दिसतं. मंद गतीत तर शिंकही कट वाटते. गाडीच्या यंत्रणेत ब्रेक कधी लागला, थ्रॉटल कधी सोडला याची नोंद असते. खोटं बोलत नाही ती नोंदच, आणि निकाल देताना ती जितकी वापरली जाईल तितकं बरं.

[पडद्यावर: चोर्ला घाट, सकाळ, धुकं. हेल्मेट घातलेले काही जण चहाच्या टपरीवर.]

दर रविवारी सकाळी साखळी-केरीकडून या घाटात गाड्या चढतात. इथे आतल्या लाइनला समोरून बेळगावची बस येते. इथे पंच नाही, खडीचा पट्टा नाही, बाजूला दरी आहे. गॅरेजमधली दोन मुलं इथे यायची. आता येत नाहीत. का ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

[पुन्हा गॅरेज. पाऊस थांबलेला.]

टीव्हीवर पट्टी झळकते. सातव्या लॅपची ती धडक, निकाल आला: एक लाँग लॅप. अर्धं गॅरेज ओरडतं, कमी आहे. अर्धं ओरडतं, जास्त आहे. मिस्त्री फरशीवरचे दोन प्लग उचलतात, खालचं ऑइलचं वळण चिंधीने पुसायला जातात.

"थांबा दादा," बादलीवरचा मुलगा म्हणतो, "बाहेरचा याच्याआधीच रुंद गेला होता. परत दाखवा."

मिस्त्री चिंधी खांद्यावर टाकतात आणि प्लग पुन्हा मांडतात. या वेळी बाहेरचा थोडा आणखी बाहेर.