खुब्यात दुर्बीण: झीज पकडायची ती लवकर

एक्स-रेमध्ये सांध्यातली फट शाबूत आहे. तरी खाली बसताना जांघेत कळ येते. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, एक्स-रेवर उमटतच नाही, दिसते ती फक्त दोन हाडांमधली मोकळी जागा. एमआरआय बरंच सांगतो, पण हाडापासून सुटू लागलेला कूर्चेचा थर त्यालाही चुकवू शकतो.

म्हणून खुब्याच्या सांध्यात छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालायची. सांधा ताणून उघडण्यासाठी रुग्णाचा पाय ताणाच्या टेबलाला बांधलाय. दोन मांड्यांमधल्या खांबावरची जाड गादी पाहा. ती पातळ असली तर नस दबते आणि गुप्तांग बधिर होतं. ताणही 2 तासांच्या आत सोडायचा असतो.

आता सी-आर्मच्या (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीतून सरकतोय. सुई आत जाते, हवा शिरते, वाटीची पकड सुटते आणि फट एकदम रुंदावते. 8 ते 10 मिलिमीटर. एवढ्या जागेत सगळं काम. सुईतून तार, तारेवरून नळी. इथे हात जरा चुकला की कूर्चा ओरखडते, नाहीतर वाटीच्या काठाचं लॅब्रम (काठाभोवतीचं चिवट कडं) भोसकलं जातं. अख्ख्या शस्त्रक्रियेत पहिलं छिद्र सर्वांत जोखमीचं, ते यामुळे.

70 अंशांत तिरकं पाहणारी दुर्बीण फिरतेय. ही पांढरी, गुळगुळीत, निरोगी कूर्चा. काठाजवळ प्रोबने (चाचपायच्या बारीक सळईने) दाबल्यावर मात्र ती सैल गालिच्यासारखी सुरकुतते. वरून अखंड, खालून सुटलेली. शेजारीच लॅब्रम फाटलंय. झिजेची सुरुवात इतक्या स्पष्टपणे दुसरी कुठलीही तपासणी दाखवत नाही.

उपचारही याच छिद्रांतून. सुटलेले तुकडे काढले जातात. वाटीच्या काठात अँकर (टाके धरून ठेवणारी छोटी खुंटी) रोवून लॅब्रम टाक्यांनी परत बसवलं जातं. मग ताण सोडून, खुबा वाकवून, गोळ्याखालच्या मानेवरचा हाडाचा उंचवटा फिरत्या बरने (हाड घासायच्या बारीक हत्याराने) घासायचा. पाय वाकवला की हाच काठावर आदळत होता आणि कूर्चा सोलत होता. कमी घासला तर तो पुन्हा अडकतो आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेची पाळी येते. जास्त घासला तर मान मोडू शकते. म्हणून थोडं घासून सी-आर्म, पाय वळवून खात्री, मग पुन्हा बर. सांध्यात सलाइन सोडणाऱ्या पंपावरही कुणाची तरी नजर हवीच, दाब वाढला तर पाणी पोटात उतरू शकतं.

पुढे काही आठवडे कुबड्या आणि फिजिओथेरपी. एक्स-रेमधली फट आधीच 2 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर दुर्बिणीचा फायदा सहसा टिकत नाही आणि बहुतेकांना सांधा बदलावा लागतो.