छताखालचे फुगे

नमस्कार श्रोतेहो.

तारीख ५ मे १९६९. लॉस एंजेलिसला लागून असलेलं इंगलवूड, तिथलं ‘फोरम’ हे बंदिस्त स्टेडियम. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिसचा लेकर्स आणि बॉस्टन सेल्टिक्स तीन-तीन बरोबरीत, आज सातवा सामना. आणि वर छताला जाळीत बांधलेले हजारो फुगे!

लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनी विजयोत्सवाचा कार्यक्रम छापूनच काढला होता. लेकर्स ‘जिंकले तर’ नव्हे, ‘जिंकल्यावर’ फुगे सोडायचे, बँड वाजवायचा. बाजारात तुरी म्हणतात ती हीच! तो कागद सेल्टिक्सच्या बिल रसेलच्या हाती पडला. रसेल खेळाडूही तोच, प्रशिक्षकही तोच. वय पस्तीस, गुडघे कुरकुरणारे. त्याचा संघ साखळीत पूर्व विभागात चौथा आलेला, मालिकेतले पहिले दोन सामनेही हरलेला. त्याने तो कागद सरळ आपल्या पोरांना वाचून दाखवला. आणखी भाषण कशाला हवं?

शेवटच्या सत्रात सेल्टिक्स १७ गुणांनी पुढे. मग लेकर्सचा धिप्पाड विल्ट चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला. गंमत बघा, तो नसताना लेकर्सने अंतर एका गुणावर आणलं! विल्ट म्हणाला, मला परत पाठवा. प्रशिक्षक व्हॅन ब्रेडा कॉल्फ यांनी नाही म्हटलं ते म्हटलंच. माझ्या मते तो निव्वळ हट्ट होता.

आणि मग डॉन नेल्सनचा तो शॉट. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, सरळ वर उडाला. फुग्यांकडे निघाला की काय असं वाटावं इतका वर! आणि खाली आला तो थेट बास्केटमध्ये. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. रसेलचं तेरा मोसमांतलं अकरावं विजेतेपद, आणि खेळाडू म्हणून शेवटचा सामना.

पण मला राहून राहून आठवतो तो लेकर्सचा जेरी वेस्ट. मांडीचा स्नायू दुखावलेला, तरी त्या दिवशी ४२ गुण, १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर झेललेले चेंडू), १२ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास). अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवला होता. तो मिळाला वेस्टला, हरलेल्या संघातल्या माणसाला. त्यानंतर हरलेल्या बाजूच्या कुणालाही तो मिळालेला नाही. सेल्टिक्सचे लोक त्याच्याजवळ गेले, हात हातात घेतले. त्याला मात्र तो पुरस्कार नकोसाच होता.

फुगे तसेच वर.