मूठ मिटत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

"सकायमा मूठच मिटत नही, माय." खान्देशातल्या कितीतरी घरांत हे ऐकू येतं. कळण्याची भाकरी थापताना बोटं आखडतात, तासाभराने जरा मोकळी होतात. आपण 'वयाचा वात' म्हणून सोडून देतो. पण तो आमवात असू शकतो. त्यात राखणीला ठेवलेल्या पेशीच आपल्या सांध्यांवर तुटून पडतात. कातडी, सांधे, मूत्रपिंड अशा अवयवांवर हल्ला करणारा ल्युपस हा आजारही याच जातीचा.

मग घरात पहिला प्रश्न येतो, "आईकडून आलं का?" लेकीच्या सोयरिकीत कुजबुज सुरू होते. मला याचा फार त्रास होतो, म्हणून आज मुद्दाम हा विषय घेतला. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तीच असतात. तरीही एकाला आमवात झाला, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण शंभरात साधारण 15 आढळलं आहे.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे चटकन समजेल. जी-नाईनची टिश्यू कल्चरची रोपं एकाच वाणाची, एकाच वंशाची, तरी एखादं झाड निराळंच निघतं. काही वेळा जनुकाची अक्षरं तीच राहतात, त्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात. कोणतं जनुक बोलेल आणि कोणतं गप्प राहील, हे या खुणा ठरवतात. या अभ्यासाला 1942 साली वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने एपिजेनेटिक्स हे नाव दिलं.

ल्युपसच्या रुग्णांच्या टी-पेशींत, म्हणजे राखणीच्या एका जातीच्या पेशींत, मिथाइल नावाच्या खुणा कमी झालेल्या दिसतात, आणि गप्प राहायची जनुकं बोलू लागतात. रक्तदाबावरचं हायड्रालाझिन हे औषध प्रयोगशाळेत याच खुणा घटवतं. ते दीर्घकाळ घेणाऱ्या काहींना ल्युपससारखा आजार होतो आणि औषध बंद केल्यावर तो बहुधा ओसरतो. अक्षरं न बदलता आजार आला आणि गेलाही! (मनाने मात्र कुणी गोळी सोडू नका.)

ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बाया असतात. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन, त्यातलं एक याच खुणा बंद ठेवतात. ती पकड सैल होणं हे एक कारण मानलं जातं. यात त्या बाईचा दोष कुठे आला?

विडी-सिगारेटच्या धुरानेही रक्तपेशींवरच्या या खुणा बदलतात, आणि आमवाताचा धोका वाढतो. ती आजच सोडा.

सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, सांधे सुजत असतील, तर सहा आठवडे वाट पाहू नका. आमवात ओळखायला मदत करणारी रक्ताची अँटी-सीसीपी तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आणि आमवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून दिलं, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. तो वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.