शिष्यवृत्ती सोडून पुण्याच्या लॉ कॉलेजला जायचं का?

नमस्कार मंडळी. सोलापूरचा मे आहे आणि रेकॉर्डिंगला आवाज येतो म्हणून पंखा बंद केलाय, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

गेल्या रविवारी माझी मावसबहीण घरी आली. तीन वर्षांच्या एलएलबीतलं पहिलं वर्ष तिनं इथेच सोलापुरात केलं. एका ट्रस्टकडून तिला वर्षाला 20 हजार मिळतात, अट एवढीच की कॉलेज सोलापुरातलं हवं. आणि बाईसाहेबांना जायचंय पुण्याला. "दादा, 20 हजारांवर पाणी सोडू का रे?" डोळ्यांत पाणी.

म्हटलं, आधी कागद घे. (कागद कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा, तोच कागद. कोर्सची दोन वर्षं उरलीत, म्हणजे शिष्यवृत्तीचे गेले 40 हजार. पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला 9 हजार धरले. दहा महिने, दोन वर्षं, झाले 1 लाख 80 हजार. फीतला फरक वर्षाला 15 हजार, म्हणजे दोन वर्षांचे 30 हजार. एकूण अडीच लाख. पोरगी रडत होती 40 हजारांसाठी, बाकीचे 2 लाख 10 हजार तिनं मोजलेच नव्हते! हुतात्मा एक्सप्रेसची तिकिटं तर मी अजून धरलेलीच नाहीत.

बहुतेकांची बेरीज इथे थांबते. मी तिला आणखी तीन ओळी ओढायला लावल्या, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यानंतरच्या तीन वर्षांच्या. जिल्हा कोर्टात ज्युनियरला सिनियर काय देतात हे मी स्वतः भोगलंय. पेट्रोलपुरतं, तेही आठवण झाली तर. आणि "मी जेएमएफसी देणार, मला काय त्याचं" म्हणणाऱ्यांनीही ऐका. जेएमएफसी म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदाची परीक्षा. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे डिग्री घेतली आणि लगेच परीक्षेला बसलो, हा रस्ता त्या निकालाने बंद केला. या तीन वर्षांत डोक्यावर अडीच लाखांचं कर्ज असेल तर दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता दारात उभा. माझ्याबरोबरचे दोघं याच कारणानं कोट खुंटीला टांगून बँकेच्या वसुलीत गेले. दोघंही माझ्यापेक्षा हुशार, हे कॅमेऱ्यासमोर सांगतो.

म्हणून मी तिला विचारलं, तुला उभं कुठल्या कोर्टात राहायचंय?

सोलापुरात राहायचं असेल तर इथली ओळख हेच भांडवल. अक्कलकोटकडचा पक्षकार अडचण सांगताना कन्नडवर येतो, पूर्व भागातली आजी तेलुगूत बोलते. माझ्या बहिणीला दोन्ही भाषा कळतात. पुण्यात त्याचे मार्क कोण देणार? शिवाय 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच हद्दीत येतो. आधी अपिलाची फाईल मुंबईच्या वकिलाकडे गेली की आपलं काम संपायचं. आता इथला ज्युनियरही सिनियरबरोबर कोल्हापूरला जाऊन हायकोर्ट बघू शकतो.

पण कंपन्यांचे करार, टॅक्स, पेटंट असलं काही डोक्यात असेल तर मी अडवणार नाही. ती कामं आणि त्यांच्या इंटर्नशिप पुण्या-मुंबईत आहेत. पुण्यातल्या 1924 सालच्या आयएलएससारख्या लॉ कॉलेजचं नाव तिथल्या फर्मच्या दारात उपयोगी पडतं, नाही कशाला म्हणू? तिथे पगार सुरू झाला की अडीच लाख फिटतात. मग शिष्यवृत्तीसाठी इथे अडकून बसणं हा शुद्ध येडेपणा.

आता कागदपत्रं. सोलापूर विद्यापीठातून पुणे विद्यापीठात जायचं तर नुसतं कॉलेज बदलत नाही, विद्यापीठ बदलतं. जागा रिकामी हवी, इथलं ना-हरकत पत्र हवं, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र आलंच. बार कौन्सिलच्या नियमांत 20 सक्तीचे विषय आणि 4 प्रात्यक्षिक पेपर सगळ्यांना सारखेच आहेत, पण कुठला विषय कुठल्या सेमिस्टरला शिकवायचा हे विद्यापीठ ठरवतं. इथे पहिल्या वर्षी झालेला विषय तिथे दुसऱ्या वर्षी पुन्हा समोर येतो, आणि तिथला पहिल्या वर्षाचा एखादा तुमच्या डोक्यावर राहतो. दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून खुणा करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सरकारी शिष्यवृत्ती असेल तर गोष्ट वेगळी, ती ट्रस्टसारखी गावाला बांधलेली नसते. पण राजर्षी शाहू या फीच्या शिष्यवृत्ती योजनेला प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला लागतो. मधल्या वर्षी कॉलेज बदलल्यावर महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, नूतनीकरण कसं होणार, हे नव्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून लेखी घ्या. "होईल की हो" या तोंडी उत्तरावर जाऊ नका. आणि हात जोडून सांगतो, पुण्याचं प्रवेशाचं पत्र हातात पडेपर्यंत इथला टीसी काढू नका.

बहिणीचं अजून ठरलेलं नाही. कोर्टाची उन्हाळी सुट्टी संपली की पंधरा दिवस माझ्याबरोबर येऊन बसणार, तारखा बघणार, मग सांगणार म्हणते. मावशीला मात्र उत्तर आजच हवंय, सकाळपासून तीन फोन झाले.