मिठाला जागलेल्यांचा दगड

[वरून: दोन नद्यांचा संगम]

एकीकडून पोटोमॅक येते, दुसरीकडून शेनान्डोआ. दोन्हींच्या बेचक्यात हार्पर्स फेरी, वेस्ट व्हर्जिनियातलं चिमुकलं गाव.

[जवळून: दगड]

रस्त्याकडेचा हा ग्रॅनाइटचा दगड. त्यावरचं नाव हेवर्ड शेपर्ड. स्टेशनवर प्रवाशांचं सामान सांभाळणारा काळा माणूस, गुलाम नव्हे, स्वतंत्र. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री गुलामांच्या सुटकेसाठी जॉन ब्राउनने इथल्या शस्त्रागारावर छापा घातला, आणि त्याच्याच माणसांच्या गोळीने पहिला बळी गेला तो शेपर्डचा. इथवर दगड खरं बोलतो.

[कॅमेरा अक्षरांवरून खाली]

आता खालच्या ओळी. शेपर्ड मागे पडतो, 'हजारो निग्रो' पुढे येतात. त्यानंतर गुलामीवरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात पेटलेल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, कितीही मोह झाले तरी त्यांनी म्हणे निष्ठेला डाग लागू दिला नाही. थोडक्यात, खाल्ल्या मिठाला जागले. (मीठ कुणाच्या घामाचं, ते कोरलेलं नाही.) 'मोह' या शब्दापाशी जरा थांबा. मोह म्हणजे सुटून जाणं.

[जुनी छायाचित्रं: मोडलेला पूल, तंबू]

आणि याच गावात, १८६२ च्या सप्टेंबरात, मालकांकडून पळून आलेली शेकडो माणसं उत्तरेच्या सैन्याच्या आसऱ्याला होती. १५ तारखेला दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याने गाव घेतलं. त्यातल्या कितीतरी जणांना धरून पुन्हा गुलामीत नेलं. दगडापासून हाकेच्या अंतरावरची गोष्ट आहे ही.

[१९३१ ची छायाचित्रं]

दगड बसवला तो दक्षिणेकडून लढलेल्या सैनिकांच्या लेकी आणि लेक यांच्या दोन संघटनांनी. खटपट १९२० च्या सुमारास सुरू झाली. गावकरी बिचकत होते, जागा ठरेना. अखेर १० ऑक्टोबर १९३१ ला समारंभ झाला. भाषणं झाली, निष्ठावान नोकरांचे गोडवे गायले गेले. तेवढ्यात पर्ल टॅटन उठल्या. वर टेकडीवरच्या स्टोरर कॉलेजात, म्हणजे काळ्या मुलामुलींच्या कॉलेजात, त्या संगीत शिकवायच्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं भाषण नव्हतं. माझे वडील उत्तरेचा निळा गणवेश घालून माझ्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठी लढले, त्या म्हणाल्या, आणि त्या लढ्याचा पहिला घाव जॉन ब्राउनचा.

[लाकडी फळ्या, मग पाटी]

पुढे इमारतीच्या दुरुस्तीसाठी दगड हलवला, १९८१ मध्ये परत आणला आणि फळ्यांनी झाकून टाकला. १९९५ मध्ये उघडला, शेजारी ही पाटी लावून. पाटीवर डू बॉइस या काळ्या विचारवंताचे शब्द आहेत, त्यांनी १९३२ मध्ये जॉन ब्राउनच्या फलकासाठी लिहिलेले. कॉलेजने तेव्हा तो फलक लावू दिला नव्हता. २००६ मध्ये लागला.

[टेकडीवरचं जुनं आवार. निवेदन नाही.]