मोरचुदाची खोली

मंडळी, नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, काही नवीन नाही. चुन्याबरोबर त्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करायचं आणि वेलींवर फवारायचं. हाच मोरचूद 2008 साली रॉजर हायॉर्न्स या ब्रिटिश कलावंताने दक्षिण लंडनमधल्या एका रिकाम्या घरात सोडला. तब्बल 75,000 लिटर द्रावण!

हार्पर रोडवरची ती सरकारी वसाहत. कमी उंचीची, साधी, रहिवासी निघून गेलेले, इमारत पाडायची ठरलेली. हायॉर्न्सने तळमजल्यावरचं एक घर आतून गळणार नाही असं बंदिस्त करून घेतलं आणि वरून छताला भोक पाडून त्यात गरम, संपृक्त द्रावण भरलं. मग त्याने केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं: तो थांबला. द्रावण निवत गेलं तशी पाण्याची मोरचूद धरून ठेवायची ताकद कमी झाली आणि जादाचा मोरचूद मिळेल त्या पृष्ठभागावर स्फटिक होऊन बसू लागला. काही आठवड्यांनी उरलेलं पाणी उपसलं, तेव्हा भिंती, छत, जमीन, अगदी न्हाणीघरातला टबसुद्धा गडद निळ्या, धारदार स्फटिकांनी मढला होता. यातल्या एकाही स्फटिकाला कलावंताचा हात लागलेला नाही. त्याने परिस्थिती तयार केली, आकार रसायनाने दिला. बघायला येणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे घालावे लागत, कारण मोरचूद विषारी. कृतीचं नाव ‘सीझर’ (Seizure, म्हणजे कब्जा, जप्ती). पुढच्या वर्षी ती ब्रिटनमधल्या समकालीन कलेच्या टर्नर पारितोषिकाच्या अंतिम यादीतही होती.

पण विचार करा, हेच स्फटिक एखाद्या कलादालनातल्या पांढऱ्या खोलीत वाढवले असते तर? सुंदर दिसले असते, बस्स. इथे ते कुणाच्या तरी न्हाणीघरात वाढले होते. आत शिरायला बुटका दरवाजा, खोल्या लहान, आणि माणसं गेल्यावर त्या जागेत भलतंच काहीतरी राहायला आलेलं. ती अस्वस्थता त्या पत्त्यावरच होती.

म्हणून पुढची गोष्ट मला खटकते. इमारत पाडायची वेळ आली, तेव्हा स्फटिकांची ती आख्खी खोली कापून काढली आणि 2013 साली यॉर्कशर स्कल्प्चर पार्क या इंग्लंडमधल्या शिल्प-उद्यानात नेऊन ठेवली. काम अवघड होतं, करणाऱ्यांचं कौतुक आहेच. तरीही हिरव्यागार उद्यानात ती खोली एक नवल होऊन बसते, कुणाचं सोडलेलं घर राहत नाही.

याच लंडनमध्ये रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीने 1993 साली ग्रोव्ह रोडवरच्या रांगेतल्या शेवटच्या उरलेल्या घराला आतून काँक्रीटचा थर दिला आणि बाहेरच्या भिंती उतरवल्या. उरला तो घराच्या पोकळीचा ठोकळा. तिला टर्नर पारितोषिक मिळालं, वाद पेटला, आणि जानेवारी 1994 मध्ये तो पाडला गेला. त्या पाडण्याचा मला राग येतो. पण ते काम दुसरीकडे उचलून नेलं असतं, तर ते ‘त्या’ रस्त्याबद्दल बोलू शकलं असतं का? मला वाटतं, नाही. जागेसाठी केलेली कृती जागेबरोबर जाऊ द्यावी, तिची छायाचित्रं आणि नोंदी मात्र जीव लावून जपाव्यात, असं माझं मत आहे. सभागृहात वास्तुरचनाकारही बसले आहेत, त्यांचं मत वेगळं असेल तर मला ते आत्ताच ऐकायचं आहे.