रात्रीची जाग आणि गळ्यातली ग्रंथी

श्रोतेहो, नमस्कार.

महिनोन्‌महिने नीट झोप न लागलेला माणूस डॉक्टरांपुढे येऊन बसतो, तेव्हा पुष्कळदा प्रश्न त्याने घरूनच ठरवून आणलेला असतो. "डॉक्टर, हे थायरॉइडमुळे तर नसेल?" प्रश्न अगदी रास्त आहे. थायरॉइड झोप उडवू शकते, यात शंका नाही. पण ती निव्वळ झोपेवर हात मारून थांबते, असे क्वचितच घडते. म्हणून मी अशा रुग्णाला उलट विचारतो की, तुमचा निद्रानाश एकटाच आला आहे, की सोबत आणखी कोणाला घेऊन आला आहे? आजच्या भाषणात मला या सोबत्यांविषयी बोलायचे आहे.

आधी निद्रानाश कशाला म्हणायचे, ते सांगतो. झोपायला पुरेसा वेळ आणि शांत जागा मिळूनही आठवड्यातून निदान ३ रात्री झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा फार पहाटे जाग येते, हे ३ महिने किंवा त्याहून अधिक काळ चालते आणि त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी कामात जाणवतो, तेव्हा त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. जो माणूस साडेपाच तास झोपून ताजातवाना उठतो आणि दिवसभर उत्साहाने वावरतो, त्याने केवळ आठ तास भरले नाहीत म्हणून स्वतःला आजारी समजू नये.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरके ती रक्तात सोडते, आणि शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करायचे व किती उष्णता निर्माण करायची, हे त्यांच्यावर अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक पाठवून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड मंदावली की पीयूषिका तगादा वाढवते आणि टीएसएच चढतो. थायरॉइड बेफाम झाली की तगाद्याची गरजच उरत नाही आणि टीएसएच तळाला जातो. अहवालावर टीएसएचपुढे खाली जाणारा बाण पाहून "माझे थायरॉइड कमी झाले" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात त्यांची अवस्था बहुधा नेमकी उलट असते.

झोपेशी सरळ वैर आहे ते या बेफाम अवस्थेचे, म्हणजे अतिक्रियाशील थायरॉइडचे. झोप लागण्यापूर्वी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते, नाडी संथ व्हावी लागते. आणि इथे तर भट्टी रात्रीही पेटलेलीच असते. हृदयावर ॲड्रिनलिनचा परिणाम नेहमीपेक्षा अधिक होऊ लागतो. माणूस अंथरुणावर पडतो, अंग थकलेले असते, डोळे जड असतात, आणि कानाखालच्या उशीत स्वतःचेच ठोके ऐकू येत राहतात. रॉबर्ट ग्रेव्हज या आयरिश वैद्याने १८३५ साली गळा सुजलेल्या तीन स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले, ते मुळात त्यांच्या छातीतील धडधडीचे वर्णन होते. एकीच्या हृदयाचे ठोके म्हणे तिच्या खाटेपासून काही अंतरावरही ऐकू येत. आज अतिक्रियाशील थायरॉइडचे जे सर्वांत प्रमुख कारण आहे, त्याला ग्रेव्हज यांचेच नाव आहे. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच थायरॉइडला सतत चिथावणी देत राहते.

या अवस्थेचे सोबती सहसा लपत नाहीत. भूक चांगली असून वजन उतरते, इतरांना गारवा वाटत असता याला घाम फुटतो, शौचाला दिवसातून अनेकदा जावे लागते, जिना चढताना मांड्या भरून येतात, आणि क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते. दवाखान्यात आम्ही एक साधी गोष्ट करतो. रुग्णाला दोन्ही हात पुढे ताठ करून बोटे फाकवायला सांगतो आणि बोटांवर एक कोरा कागद अलगद ठेवतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा बारीक कंप कागदाच्या कडेला स्पष्ट दिसू लागतो. मग तळहात हातात घेतो. केवळ चिंतेने झोप उडालेल्या माणसाचेही हात कापतात आणि त्यालाही घाम येतो, पण त्याचा तळहात बहुधा थंड असतो. थायरॉइडवाल्याचा उबदार आणि ओलसर लागतो. आणखी एक फरक घरच्या घरी पाहण्याजोगा आहे. चिंतेची धडधड माणूस झोपला की निवते, अतिक्रियाशील थायरॉइडची मात्र झोपेतही चालू राहते. घरातील कोणी रुग्ण गाढ झोपेत असताना मनगटावर हलकेच बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली आणि ती तेव्हाही नव्वद-शंभरच्या घरात भरली, तर ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. वृद्धांच्या बाबतीत मात्र हे चित्र फसवे असते. त्यांच्यात ना चिडचिड दिसते, ना भूक वाढते. वजन घटते, माणूस गप्प-गप्प होतो आणि नाडी अनियमित होते. घरचे त्याला वय झाले म्हणतात.

आता मंद थायरॉइड. तिने माणूस सुस्तावतो, त्याला दिवसाही पेंग येते. मग तिचा निद्रानाशाशी संबंध काय, असे कोणालाही वाटेल. संबंध आडवळणाने येतो. ग्रंथी फार काळ मंद राहिली की जीभ आणि घशातील मऊ भाग सुजल्यासारखे होतात, तिथले स्नायू ढिले पडतात, वजनही वाढलेले असते. परिणामी झोपेत श्वासाची वाट अडते, घोरणे वाढते, श्वास काही सेकंद थांबतो आणि मेंदू माणसाला हिसका देऊन जागे करतो. असे रात्रीतून कित्येकदा घडते, आणि सकाळी त्यांतले फारसे काही आठवत नाही. रुग्ण सांगतो, "रात्रभर झोपच नाही." शेजारी झोपणारी व्यक्ती सांगते, "रात्रभर घोरत होता." दोघेही खरेच बोलत असतात. याशिवाय मनगटाची नस दाबली जाऊन हाताला येणाऱ्या मुंग्या, स्नायूंचे दुखणे आणि रात्री पाय सतत हलवत राहावेसे वाटणे या तक्रारीही मंद थायरॉइडमध्ये आढळतात, आणि त्यांतली प्रत्येक तक्रार झोप मोडायला समर्थ आहे. बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, बसलेला आवाज, थंडी सहन न होणे, पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव हे या अवस्थेचे नेहमीचे सोबती. मात्र गोळी सुरू होऊन टीएसएच ठीक झाल्यावरही घोरणे आणि श्वास अडणे चालूच असेल, तर तो वेगळा आजार समजून झोपेची तपासणी करून घ्यावी लागते.

तिसरी शक्यता मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती सहज निस्तरता येते आणि तरीही वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे मंद थायरॉइडसाठी घेतली जाणारी थायरॉक्सिनची, म्हणजे टी-४ची, गोळी गरजेपेक्षा जास्त होणे. ज्याची ग्रंथी जवळजवळ बंदच पडली आहे, अशा प्रौढाला साधारणपणे दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम इतकी रोजची मात्रा लागते. पुढे त्याचे वजन बरेच उतरले किंवा वय वाढले, तर गरज कमी होते. चिठ्ठी मात्र जुनीच चालू असते. मग मंद थायरॉइडचा रुग्ण म्हणवणारी व्यक्ती प्रत्यक्षात अतिक्रियाशील थायरॉइडची लक्षणे भोगत असते, आणि तिला वेगळी झोपेची गोळी दिली जाते. ही जादा मात्रा झोपेपुरती राहत नाही. तिने हृदयाची लय बिघडते आणि हाडेही ठिसूळ होतात. वजन उतरवण्यासाठी ही गोळी परस्पर घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

याच गोळीविषयी एक भीतीही आहे. रात्री घेतली तर झोप उडेल, असे अनेकांना वाटते. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे एखादी गोळी सकाळी घेतली की रात्री, याने पातळी फारशी हलत नाही. गोळी रिकाम्या पोटी घ्यावी, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास. आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून ४ तास दूर ठेवावी, कारण या गोळ्या थायरॉक्सिनचे शोषण अडवतात. मात्रा बदलल्यावर रक्त पुन्हा तपासायचे ते ६ ते ८ आठवड्यांनी. त्याआधी आलेला आकडा अर्धवट असतो.

तपासणीची सुरुवात टीएसएचने होते, आणि तो बिघडलेला आढळला तर टी-४ व गरजेप्रमाणे टी-३ पाहतात. टीएसएचची नेहमीची मर्यादा ढोबळमानाने ०.४ ते ४ अशी धरतात. गोंधळ होतो तो पाच-सहाच्या आकड्याने. टी-४ अगदी ठीक आणि टीएसएच किंचित चढलेला, एवढ्यावरून "सापडले एकदाचे कारण!" म्हणत लोक सुटकेचा श्वास टाकतात. मला ही सुटका घाईची वाटते. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. तो रात्री सर्वांत जास्त आणि दुपारनंतर कमी असतो. झोप त्याच्या रात्रीच्या चढाला लगाम घालते, आणि माणूस जागा राहिला तर तो लगाम सुटून चढ अधिक उंच जातो. म्हणजे रात्रभर तळमळून सकाळी रक्त द्यायला गेलेल्या माणसाचा थोडासा वाढलेला टीएसएच हा कदाचित निद्रानाशाचे कारण नसून त्याचाच परिणाम असेल. असा आकडा आला, तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. अनेकांच्या बाबतीत तो आपोआप खाली येतो. टीएसएच १०च्या वर टिकून असेल, तर गोष्ट निराळी. केसांसाठी आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्याही काही पद्धतींच्या तपासणीला फसवतात आणि निरोगी माणसाचा अहवाल अतिक्रियाशील थायरॉइडसारखा दाखवतात, म्हणून त्या निदान दोन दिवस आधी थांबवाव्यात आणि आपण त्या घेतो हे सांगावे. चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांना रात्री घाम, धडधड आणि जाग येत असेल, तर ती रजोनिवृत्तीचीही लक्षणे असू शकतात. तिथे नुसत्या लक्षणांवरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, रक्तच तपासावे.

समजा, थायरॉइड अतिक्रियाशील निघाली आणि उपचार सुरू झाले. झोप लगेच परत येईल का? नाही. कार्बिमाझोलसारखे औषध नव्या संप्रेरकाची निर्मिती रोखते, पण ग्रंथीच्या कोठारात आधीच तयार होऊन पडलेला साठा संपायला कित्येक आठवडे लागतात. तोवर प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे धडधड आणि कंप आवरतात. आणि कधीकधी सगळे आकडे जागेवर येतात, वजन भरून येते, हात स्थिर होतात. तरी माणूस रात्री दोनला टक्क जागा! औषध चुकले, असे अशा वेळी वाटू लागते.

झोपेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. निद्रानाश सुरू करणारी कारणे वेगळी आणि त्याला चालू ठेवणारी कारणे वेगळी, असे त्यांचे म्हणणे होते. थायरॉइडने झोप उडवली त्या काही महिन्यांत माणसाने काय काय केलेले असते, ते पाहा. झोप भरून काढायची म्हणून तो नऊलाच अंथरुणावर जातो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी डुलकी काढतो आणि रात्री दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहून उरलेल्या तासांचा हिशोब करतो. मूळ कारण निघून जाते आणि या सवयी मागे राहतात. त्यांवर झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धती चांगली लागू पडते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशात औषधांआधी हाच उपचार करण्याची शिफारस केली. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, डोळे मिटू लागल्याशिवाय अंथरुणावर न जाणे, आणि झोप येत नाही असे दिसताच उठून दुसऱ्या खोलीत बसणे, ही त्यातील मुख्य अंगे. पहिले काही दिवस या उपचाराने त्रास वाढल्यासारखा वाटतो, हे मी रुग्णाला आधीच सांगून ठेवतो. न सांगितल्यास तो चौथ्या दिवशी सोडून देतो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही लिहावी. कितीला पडलो, अंदाजे कितीला झोप लागली, कितीदा जाग आली, कितीला उठलो, एवढे रोज सकाळी एकदाच लिहावे. रात्री उठून लिहू नये. त्याशेजारी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मोजलेली एका मिनिटाची नाडी लिहावी आणि आठवड्यातून एकदा वजन. घोरण्याचा रकाना मात्र शेजारी झोपणाऱ्याने भरायचा, कारण त्याबाबत आपला स्वतःचा शब्द कोणीच ग्राह्य धरत नाही. घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावे शेवटच्या पानावर लिहावीत, आणि थायरॉक्सिन चालू असेल, तर तिची मात्रा शेवटची कधी बदलली ती तारीखही टाकावी.

नमस्कार.